विठूला तारीख मिळाली

विठूला तारीख मिळाली आणि काशीरामाला मिळाली नाही, ही बातमी ते दोघे एसटीतून उतरायच्या आधीच वाडीत पोचली होती. थांब्यावर सखाराम बसलेला. त्यानं पिशवी घ्यायला हात पुढे केला तो विठूची, आणि विचारलं मात्र काशीरामाला, "तुजा काय अडला रे?"

 काशीरामाची सून दर्शना फाईल पोटाशी धरून मागनं उतरत होती, तिनंच सांगितलं, "रगत कमी हाय म्हनं. आठ पॉईंट दोन."

"आनि विठूचा?"

"साडेतेरा," विठूनं स्वतःच सांगितलं. जणू शाळेचा निकाल सांगतोय!

दोघे चुलत भाऊ. काशीराम चौसष्ट वर्षांचा, विठू बासष्टचा. मध्ये एक चिऱ्यांचा गडगा, तेवढीच काय ती फारकत. जन्मभर जे काही चांगलं झालं ते आधी गडग्याच्या पलीकडे झालं. स्लॅब पडला तो विठूचा. बोअरला पाणी लागलं ते विठूच्या. पोराला मुंबईत कायमची नोकरी लागली ती विठूच्या, काशीरामाचा ओमकार अजून कंत्राटावरच. हे सगळं काशीरामानं नशीब म्हणून गिळलं. पण छातीचं दुखणं! ते तर त्याचं स्वतःचं होतं. भादव्यात गवताचा भारा घेऊन घाटी चढताना छाती आवळली, घाम फुटला, भारा टाकून तो खडकावर बसला, ते काशीराम. विठूला दुखलं ते त्यानंतर पंधरा दिवसांनी. म्हणजे दुखायचं तेसुद्धा याचं बघून, आणि तारीख मात्र याच्या आधी. याला काय म्हणायचं?

रत्नागिरीच्या त्या दवाखान्यात दर गुरुवारी कोल्हापूरचे छातीचे डॉक्टर येत. तपासून घ्यायचं रत्नागिरीत, ऑपरेशन कोल्हापूरला. दोघांच्याही तीन-तीन नळ्या तुंबलेल्या, दोघांचंही बायपास ठरलेलं. विठूचे कागद बघून डॉक्टरांनी सरळ तारीख लिहिली. काशीरामाच्या कागदापाशी त्यांचा पेन थांबला.

"काका, रक्त फार कमी आहे हो. असं असताना छाती उघडणं बरं नाही."

"विठूची उघडताव ती?" काशीराम म्हणाला.

डॉक्टर हसले. समजूतदार माणूस होता. म्हणाला, "बघा काका, ऑपरेशनात थोडं रक्त जातंच. ज्याच्याकडे भरपूर आहे त्याला ते झेपतं. तुमच्याकडे मुळातच कमी, मग बाहेरचं रक्त चढवत बसावं लागतं. मूत्रपिंडं दमतात, जखम भरत नाही, जंतू धरतात, मशीनवरचे दिवस वाढतात. काही माणसं परतत नाहीत. तुम्हाला सहा आठवडे थांबता येईल, आणि मी थांबवणार. पण रक्त जातंय कुठे ते कळायला हवं. शौचातून जातं का कधी?"

दर्शना शेजारी उभी होती. पडद्याच्या अलीकडे विठू शर्टाची बाही खाली करत होता.

"नाय," काशीराम म्हणाला.

"मूळव्याध वगैरे?"

"नाय म्हनलू ना!"

"मग एकदा खालून दुर्बीण घालून बघू या."

खालून दुर्बीण! सुनेच्या देखत! काशीराम उठलाच. "काय नको. माजा पोट साफ हाय. गोळ्या काय त्या द्या."

आता खरं ते ऐका. काशीरामाला आठ वर्षं मूळव्याध होती. आठ वर्षं रक्त जात होतं, आणि छातीसाठी रक्त पातळ करायची गोळी चालू झाल्यापासून तर धार लागायची. वाडीत घरोघर संडास झाले, काशीरामाच्या परसातही झाला, पण हा बाबा आपला तांब्या घेऊन रानातल्या ओहोळावर, पऱ्यावर. बायको येसूबाई ओरडायची, "सरकारानं बांधून दिलान, त्यात काय नाग बसलाय?" तो म्हणायचा, मला मोकळ्या हवेची सवय. खरी गोष्ट अशी की संडासाचं भांडं पांढरं होतं आणि ते दर्शना धुवायची. पऱ्यावर पाणी वाहून जातं, कोण बघतो? आपली लुंगी तो आपण धुवायचा. पैसे सगळ्यांपुढे मागता येतात, पाया पडता येतं, पण अमुक ठिकाणी मला अमुक होतं असं सुनेसमोर कोणत्या सासऱ्यानं सांगावं? आणि विठूसमोर? विठूनं ते शिमग्यापर्यंत पुरवलं असतं.

घरात मात्र रक्त वाढवायची मोहीम निघाली. दर्शना बारावी शिकलेली, संगमेश्वराकडची, हाताला उरक होता. तिनं गोळ्यांचा डबा केला, वारांप्रमाणे. सकाळी नाचणीची आंबील, दुपारी माठ नाहीतर शेवग्याचा पाला, अळीवाचे लाडू. बुधवारी लांज्याहून बकऱ्याची कलेजी यायची. ती सगळी काशीरामाच्या ताटात. येसूबाईला वास, दर्शनाला रस्सा. कोंबडीनं घातलं ते अंडं त्याचं. त्यानं एकदा म्हटलं, "तू पन खा गो." ती म्हणाली, "तुमचा वाढला म्हंजे झाला, मामा."

आणि तो ते खायचा. खाली मान घालून, चावून चावून खायचा, आणि सकाळी पऱ्यावर जाऊन वाहवून यायचा.

पौषाच्या तोंडाला कवळ, म्हणजे झाडांचा डहाळीपाला, तोडायचे दिवस आले. भाताच्या रोपांची जमीन भाजायची, त्या भाजावळीला कवळ नको? दरवर्षी काशीराम झाडावर चढायचा, कोयती चालवायचा, बायका खाली भारे बांधायच्या. यंदा त्याला चढायची बंदी. गडी लावला तोडायला, आणि काशीराम खळ्यात बसून कावळे हाकायचा. दोनदा उठलं तरी धाप लागायची. नखं पांढरीफटक. दर्शना माथ्यावर भारा घेऊन घाटीनं उतरताना दिसली की त्याला आपल्या हाताकडे बघवत नसे.

विठूच्या निघायच्या आदल्या दिवशी गाऱ्हाणं होतं. भावकीत कोणी मोठ्या कामाला निघालं की घरच्या देवापुढं नारळ ठेवून वडीलधाऱ्यानं गाऱ्हाणं घालायचं, हा शिरस्ता. वडीलधारा म्हणजे काशीराम. मुंबईहून विठूचा मुलगा गाडी घेऊन आलेला. माजघर माणसांनी भरलेलं. विठूची बायको गोदूबाई नवं लुगडं नेसून पुढं बसलेली. पोरीबाळी विठूच्या पाया पडत होत्या, आणि विठू, जसा काही लढाईला निघालाय, एकेकाच्या डोक्यावर हात ठेवत होता.

काशीराम देवापुढं बसून हे सगळं बघत होता. ही माणसं, हा नारळ, ही गाडी... त्याच्या छातीत आधी दुखलं होतं. हे सगळं त्याचं होतं!

त्यानं हात जोडले. "बा देवा म्हाराजा, आज तुज्या पायाशी सगळी भावकी जमली हाय..."

"होय म्हाराजा!"

"तुजा लेकरू मोठ्या संकटात हाय. छातीचा काम हाय..."

"होय म्हाराजा!"

"त्याला सुखरूप ने, सुखरूप आन, त्याच्या हातनं तुजी सेवा घडव..."

"होय म्हाराजा!"

आणि त्यानं नारळ उचलला. नाव घेतलं नाही. गाऱ्हाण्यात माणसाचं नाव घ्यावं लागतं, बापाचं नाव घ्यावं लागतं, नाहीतर देवानं कोणाचं काम करायचं? काशीरामानं चाळीस वर्षं गाऱ्हाणी घातली होती. विसरला नव्हता तो. त्याच्या मनात आलं होतं, राहू दे मोघम. लेकरू म्हणजे मीही असेन. देवाला वाटलं तर मलाच देईल. कोणाच्या ध्यानात आलं नाही. विठूनं मात्र वाकताना एकदा त्याच्या तोंडाकडे बघितलं.

ऑपरेशनचा दिवस काशीरामानं कसा काढला ते त्यालाच ठाऊक. सकाळपासून पाणी गोड लागेना. गडग्याच्या पलीकडे गोदूबाईची सून फोन घेऊन बसली होती, तिच्याकडे त्याचे कान. विठूचं काही बरंवाईट झालं तर? नाव घेतलं नाही ते कोणी? देवाला काय, कागद अपुरा म्हणून परत पाठवायचा! त्यानं तीनदा देवापुढं जाऊन "विठू, विठू सदाशिव" म्हणून हात जोडले. दुपार कलली तेव्हा पलीकडून आवाज आला, "झाला! बाबा सुखरूप हायत!"

काशीराम ओट्यावर येऊन बसला. डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. येसूबाईनं गूळ दिला तो त्यानं खाल्ला. आणि गूळ गिळून होतो न होतो तोच मनात आलं, बघा, नावाशिवायसुद्धा याचंच झालं!

विठू परत आला आणि मग तर विचारूच नका. सकाळची उन्हं खळ्यात आली की तो खुर्ची टाकून बसायचा, शर्टाची वरची चार बटणं उघडी. गळ्याखालून बेंबीच्या दिशेनं गेलेला तो व्रण बघायला वरच्या वाडीतनं माणसं यायची. चौथ्या दिवशी चालवलं, सातव्या दिवशी घरी सोडलं, डॉक्टर म्हणाले असा पेशंट बघितला नाही. काशीराम गडग्याच्या अलीकडे कुळथाच्या शेंगा निवडत सगळं ऐकायचा. त्याला तो व्रण हवा होता. खरंच हवा होता, लहान पोराला दुसऱ्याचा भोवरा हवा असतो तसा.

एक दिवस गोदूबाई मुद्दाम गडग्यापाशी आली. चार बायका होत्या सोबत. "काय काशीभावोजी, चढला का रगत? आमच्या ह्यांना काय कमी पडला नाय बाबा. घरात सून चांगली असली म्हंजे रगत आपोआप चढता."

दर्शना मागच्या दाराला भांडी घाशीत होती. तिचा हात थांबला.

काशीरामाला बोलता आलं असतं. एकच वाक्य होतं. ते जिभेपर्यंत आलं आणि विठूच्या उघड्या छातीकडे बघून परत फिरलं. "चढल, चढल," एवढंच तो म्हणाला. भांडी परत वाजू लागली, जरा जोरात.

सहा आठवडे भरले. गुरुवारी विठूलाही दाखवायला जायचं होतं, म्हणून विठूच्याच मुलाच्या गाडीतून जावं लागलं. विठू पुढं, छातीशी उशी धरून. काशीराम आणि दर्शना मागं. हातखंब्यापर्यंत विठू गाडीतल्या गार हवेचं कौतुक सांगत होता.

रक्त तपासायला दिलं. दोन तासांनी कागद आला. सात पॉईंट सहा.

चढायचं सोडून उतरलं होतं! बाकड्यांमधल्या वाटेत उभी राहून सिस्टर दर्शनावर कडाडली. "गोळ्या देता की नाही यांना? खायला घालता की नाही? दीड महिना दिला होता. सून ना तुम्ही? म्हाताऱ्या माणसाची जरा तरी काळजी करायची. डॉक्टर आता तारीख नाही देणार, नाव खाली जाणार यांचं."

पन्नास माणसं बघत होती. दर्शनानं पिशवीतून गोळ्यांची रिकामी पाकिटं काढली. सगळी जपून ठेवली होती तिनं, रबर लावून. ती सिस्टरच्या पुढं धरली. सिस्टर पुढच्या माणसाकडे वळली होती. पाकिटं तशीच हातात घेऊन दर्शना बाकड्यावर बसली आणि पदरानं तोंड झाकलं.

"रडू नको गो," काशीराम म्हणाला.

"मी कुठं रडताय." मग जरा वेळानं ती म्हणाली, "परवा आवशीचा फोन इलता. तिकडं गावात कोनीतरी सांगितलान, तुजी पोर सासऱ्याला उपाशी मारते म्हनून. आवस म्हनाली, असा असल तर मला तोंड दाखवू नको."

काशीराम बघतच राहिला. लांज्याहून संगमेश्वरापर्यंत गेलं होतं ते. गेले सहा आठवडे तो विठूचं आणि आपलं मोजत बसला होता, आणि ही पोरगी रश्शात भाकरी बुडवून खात होती आणि वर हे ऐकत होती. त्याला स्वतःची शिसारी आली. छातीत दुखलं नाही, पण दुखलं असतं तर बरं, असं वाटलं.

तो उठला. एक हात भिंतीला टेकला. "सिस्टर," त्यानं हाक मारली. आवाज नको तेवढा मोठा आला. "ओ सिस्टर! तिला काय बोलू नका. तिनं सगळा दिलान. गोळ्या दिलान, कलेजी दिलान. माजी मूळव्याध हाय. आठ वरसा हाय. रोज रगत जाता. मी खोटा बोललू."

बाकड्यांवरची सगळी माणसं वळून बघू लागली. 

विठू उशी धरून तोंड उघडं टाकून बघत होता. काशीरामाला वाटलं, हस आता. हस, काय हसायचं ते. पण विठू हसला नाही. खाली बघून, शेजारच्याला ऐकू जाणार नाही अशा बेतानं तो म्हणाला, "आठच? माजी बारा वरसा व्हती."

"काय?"

"दोन वरसांमागं कापून आलू. नातवाच्या वाढदिवसाला मुंबैला गेलू असा वाडीत सांगितला ता हेच. म्हनून तर रगत साडेतेरा."

म्हणजे यातसुद्धा हा आधी!  "आनि मला सांगितलास नाय? मेल्या, मी मरत व्हतू!"

"तू तरी कुठं सांगितलास? पऱ्यावर मोकळी हवा खायला जातोस म्हनायचास."

"तुज्या गाऱ्हान्यात तुजा नावच घेतला नाय मी," काशीराम रागानं म्हणाला. एकदा तोंड उघडलंच होतं, तर राहून कशाला जाऊ द्यायचं.

"म्हाईत हाय. मी माजा मीच मनात घेतला. तुजा जळका तोंड काय मला आज म्हाईत हाय?"

विठूनं उशी सावरली आणि बाकड्यावर जरा सरकून त्याला जागा केली. भाऊबंदकीत याहून जास्त समेट होत नसतो.

मग काशीराम दर्शनाकडे वळला. "तुज्या आवशीला फोन लाव."

"मामा, आता नको..."

"लाव म्हनतू ना!"

आता विहीण म्हणजे काय ते सांगायला नको. सात वर्षांत काशीराम त्या बाईशी चार वाक्यं बोलला असेल, तीही टोपी सारखी करून. आज त्यानं फोन कानाला लावला, घसा खाकरला. "विहीनबाय, मी काशीराम. तुमच्या पोरीनं मला उपाशी ठेवलान नाय. सोन्यासारखी हाय ती. मला मूळव्याध हाय, त्यानं रगत गेला. कोन काय बोलला तर हाच सांगा. मी सांगितला म्हनून सांगा." कपाळावरून घाम गळत होता त्याच्या. कान तापले होते.

 पलीकडून विहीणबाई हळूच म्हणाल्या, "भावोजी, आमच्या ह्यांना पन तोच तरास हाय हो. पोरीला नका सांगू. डॉक्टर कोन तिकडचा?"

फोनचा आवाज मोठा होता. दर्शनानं सगळं ऐकलं. ती आधी हसली आणि मग मात्र खरंच रडली, आणि डोळे पुसून पाकिटं पिशवीत टाकून सिस्टरकडे दुर्बिणीचा कागद आणायला गेली.

दुसऱ्या दिवशी दुर्बीण झाली. मूळव्याधीचे कोंब बांधले. शिरेतून लोहाची सुई दिली, आठवड्यानं परत एक दिली. येसूबाईनं महिनाभर त्याच्याशी धड बोलणं टाकलं होतं, आठ वर्षं लपवलंत म्हणून. ताट मात्र वेळेवर यायचं. बुधवारची कलेजी आता तीन ताटांत वाटली जायची, ते काशीरामानंच ठरवलं आणि दर्शनाचं संपेपर्यंत तो उठायचा नाही. शिमगा होऊन पालखी परतली तेव्हा रक्त अकरा पॉईंट चार झालं होतं. डॉक्टरांनी तारीख लिहिली. गाऱ्हाणं विठूनं घातलं, आणि नाव घेतलं, बापाचंही घेतलं, दोनदा घेतलं, अगदी मेल्यानं ठसक्यात.

कोल्हापूरला ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी घशातली नळी काढली तेव्हा दर्शनाला आत सोडलं, निळा झगा घालून. काशीरामाचे ओठ कोरडे पडले होते. छातीवर पट्टी होती, हाताला सुया होत्या. तो काहीतरी म्हणत होता. ती वाकली.

"रगत," तो पुटपुटला. "बाहेरचा किती चढवलानी?"

"एकच पिशवी, मामा. डॉक्टर म्हनाले, आधी वाढवून आनलात म्हनून एकीतच भागला."

काशीरामानं डोळे मिटले. तिला वाटलं झोपला. ती सरळ होणार तोच त्यानं बोटानं तिचा झगा ओढला.

"आनि विठूला किती लागल्या?"

"दोन."

काशीरामाच्या तोंडावर हसू आलं. छाती दुखत असतानाही ते त्याला आवरलं नाही.

"गोदूला फोन करून सांग," तो म्हणाला.